विजेच्या मापांतील खरखर आणि खोट



रेडिओवर मध्यम लहरींवरचें एखादें गाणें रंगांत आलेलें असावें आणि नेमक्या त्याच क्षणीं शेजारच्या बिऱ्हाडांत कोणीं चटणीसाठीं मिक्सर चालूं करावा, हा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांना असेल. गवयाचा आवाज तोच असतो, पण त्यावर खरखरीचा एक पडदा येऊन पडतो. मिक्सर थांबला कीं पडदा दूर होतो. या खरखरीचा आपल्याला राग येतो खरा. परंतु एका अर्थानें ती प्रामाणिक आहे. ती आपलें अस्तित्व लपवीत नाहीं. आज मी जी हकीकत सांगणार आहें तींत अशी एक खरखर होती, आणि तिच्या आड दडून बसलेली दुसरी एक खोट होती. खरखर सर्वांना दिसली. खोट मात्र दोन हंगाम कोणाच्याहि ध्यानांत आली नाहीं, आणि तिच्यापायीं एका भल्या माणसाचे पैसे कापले गेले.

प्रथम माझा अधिकार सांगतों. मी मॅट्रिक झालेला, आतां निवृत्त झालेला शाळामास्तर. खालच्या वर्गांना शास्त्र शिकवीत असें, आणि प्रयोगशाळेच्या कपाटांच्या किल्ल्या पुष्कळ वर्षें माझ्या कमरेला होत्या. विद्युच्छास्त्राची पदवी माझ्यापाशीं नाहीं. जें थोडेंफार कळतें तें वाचून, आणि त्याहून अधिक हात भाजून घेऊन, कळलेलें आहे.

माझा एक जुना विद्यार्थी तासगांवाकडे बेदाण्याचा धंदा करतो. त्या भागांत द्राक्षें जाळ्यांच्या रॅकवर सांवलींत पसरून वाळवण्याची पद्धत आहे. यानें जुनी शेड तशीच ठेवून शेजारीं गरम हवेचें एक नवें वाळवणघर उभारलें. आंत पंखा, आणि पंख्याची गति कमीजास्त करणारें विजेचें यंत्र. उष्णता मोजण्यासाठीं आंत तापदर्शक मणी बसविले आणि त्यांच्या तारा एका लहानशा पेटींत नेऊन सोडल्या. पानसुपारीच्या डब्याएवढी ही पेटी. तिला ‘डेटा अ‍ॅक्विझिशन’ असें लांबलचक नांव आहे. या धंद्यांतली तरुण मंडळी तिला ‘डॅक’ म्हणतात. मी आपली पेटीच म्हणेन. तारेवरील विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, मोजावयाचा, त्याचा आंकडा करावयाचा आणि तो संगणकाला सांगावयाचा, एवढेंच तिचें काम.

गेल्या फेब्रुवारींत हा गृहस्थ माझ्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, पेटी बिघडली. पहिल्या वर्षापासूनच रेघ थरथरते आहे. आठ-आठ अंश खालींवर होते. माल घेणाऱ्याला उष्णतेची नोंद लागते, म्हणून गेल्या वर्षीं पुतण्यानें सरासरीचं बटण लावून दिलं. आतां रेघ पट्टीनं मारल्यासारखी येते. तरी पण नवी पेटी घ्यावी म्हणतों."

मीं विचारलें, "रेघ सरळ आली, मग बेदाणा कसा उतरला?"

तो जरा गप्प झाला. मग समजलें तें असें, कीं नव्या वाळवणघरांत दोन्ही हंगाम त्याच्या एका नात्यांतल्या मामांचीं द्राक्षें गेलीं होतीं, आणि दोन्ही वेळां बेदाणा तांबूस पडला होता. जुन्या शेडमधला इतरांचा माल मात्र हिरवट पिवळा, झकास. यंत्राची नोंद तर बावन्न अंश दाखवीत होती. तेव्हां दोष द्राक्षांचाच, असें ठरवून यानें मामांचा दर कापला होता. मामांनीं बोलणें टाकलें होतें. "माल खराब होता गुरुजी," तो म्हणाला, "नोंद आहे ना माझ्यापाशीं."

दुसऱ्या दिवशीं मी त्याच्याबरोबर गेलों. पिशवींत घेतलें तें फार नव्हतें: एक मल्टिमीटर, एक कोरा सेल, वीतभर तार, आणि शाळेंतून निवृत्त होतांना विकत घेतलेला कांचेचा तापमापक.

यंत्र बिघडलें म्हणून तें बदलण्यापूर्वीं तें खरोखरच बिघडलें आहे काय, हें पाहावें लागतें. हें इतकें उघड आहे कीं कोणी करीत नाहीं. मीं सर्व तारा सोडविल्या आणि पेटीचीं मापाचीं दोन टोकें वीतभर तारेनें एकमेकांस व पेटीच्या शून्याच्या टोकास जोडलीं. आतां उत्तर शून्य यावयास पाहिजे. आलें, एक-दोन पायऱ्यांचा काय तो फरक. पायऱ्या म्हणण्याचें कारण असें. ही पेटी बारा बिटांची, आणि उणे दहा ते अधिक दहा व्होल्टांपर्यंत मोजणारी. म्हणजे वीस व्होल्टांच्या उंचीला तिनें ४०९६ पायऱ्यांचा जिना बांधलेला असतो. एक पायरी सुमारें ४.९ मिलिव्होल्टांची. दोन पायऱ्यांच्या मधलें तिला कांहींच दिसत नाहीं. आमच्या मण्यांना एका अंशामागें तीस मिलिव्होल्टांच्या आसपास फरक पडत असल्यानें हा जिना पुरेसा होता. पण कोणी भट्टीसाठीं वापरतात तें ‘के’ जातीचें थर्मोकपल थेट याच जिन्यावर चढवील, तर तें अंशाला अवघे ४१ मायक्रोव्होल्ट देणारें. एका पायरींतच जवळ जवळ १२० अंश गडप व्हावयाचे! अशा वेळीं पेटीचा मोजण्याचा पल्ला लहान करून घ्यावा, नाहीं तर मध्यें वर्धक बसवावा. पुष्कळांच्या ‘बिघडलेल्या’ पेट्या एवढ्यानेंच सुधारतात.

नंतर कोरा सेल लावला. मल्टिमीटर म्हणाला १.५८, पेटीहि म्हणाली १.५८. माझा विद्यार्थी म्हणाला, "म्हणजे पेटी निर्दोष." मींहि मान डोलाविली. ही माझी चूक होती. ती कां, तें पुढें येईल.

पेटी निर्दोष, तर खरखर वाटेंतून येत असली पाहिजे. तारा पुन्हां जोडल्या आणि घरांतली एकेक गोष्ट बंद करीत गेलों. पंखा बंद करतांच आठ अंशांची थरथर दोनांवर आली. मग तारांच्या मागोमाग चालत गेलों. वीस मीटरांची वाट, आणि पंख्याच्या मोटारीची केबल व मण्यांच्या नाजूक तारा एकाच प्लास्टिकच्या नळींतून गळ्यांत गळा घालून आलेल्या! वायरमनला नळीचा खर्च वाचवावयाचा होता. गति बदलणारें यंत्र मोटारीला वीज देतें तें सेकंदाला हजारों वेळां तोडून जोडून देतें. त्या प्रत्येक झटक्याचा पडसाद शेजारच्या तारेवर उमटतो. त्यांतून मण्याच्या तारा सुट्या, एकमेकींपासून दूर; मधली जागा म्हणजे चुंबकीय प्रवाह पकडावयाला पसरलेलें जाळेंच. दोन तारा एकमेकींभोंवतीं पिळून घेतल्या तर एका पिळांत आलेला पडसाद पुढच्या पिळांत उलटा येऊन बहुतेक फिटतो. वरून धातूच्या जाळीचें आवरण असावें, आणि त्या आवरणाचें अर्थिंग एकाच टोकाला, पेटीच्या बाजूला करावें.

उरलेली दोन अंशांची थरथर अधिक मौजेची होती. ती एका लयींत चाले. सुमारें अर्ध्या मिनिटांत रेघ सावकाश वर जाई आणि सावकाश खालीं येई. हे लोक तिला ‘घराचा श्वास’ म्हणत. गरम हवा वर चढते, गार खालीं येते, त्याचाच हा झोका, असें त्यांनीं मनाशीं ठरविलें होतें. मीं संगणकाच्या चार्जरची पिन भिंतींतून काढली. श्वास थांबला.

झालें होतें तें असें. मण्याच्या जोडणींतील शून्याची तार कोणीतरी घट्ट बसावी म्हणून वाळवणघराच्या लोखंडी सांगाड्याला स्क्रूनें आंवळली होती. सांगाड्याला स्वतःचें अर्थिंग. इकडे पेटी संगणकाला जोडलेली, संगणक तीन पिनांच्या चार्जरला, आणि चार्जर खोलीच्या अर्थिंगला. आपण समजतों जमीन सगळीकडे सारखीच. पण दोन विहिरींच्या पाण्याची पातळी जशी एक नसते, तशी दोन अर्थिंगांची पातळीहि एक नसते. त्यांच्यांतील फरकामुळें शून्याच्या तारेंतून घरगुती विजेचा प्रवाह वाहूं लागतो आणि आपल्या मापांत मिसळतो. शून्य हें एकाच ठिकाणीं असावें लागतें.

तुम्ही विचाराल, घरची वीज तर सेकंदाला पन्नास वेळां हेलकावते; मग अर्ध्या मिनिटाचा सावकाश श्वास कोठून आला? चित्रपटांत धांवत्या गाडीचीं चाकें हळूहळू उलटीं फिरतांना आपण पाहिलीं आहेत. तेंच येथें. पेटी दर सेकंदाला नेमकें एकच माप घेत होती. वीज बरोबर पन्नास हेलकावे घेती, तर प्रत्येक माप हेलकाव्याच्या एकाच जागीं पडलें असतें आणि रेघ सरळ दिसली असती, सरळ पण खोटी. पण आपल्याकडे ही संख्या पन्नासाच्या किंचित् मागेंपुढें असते. समजा ५०.०३ आहे, तर प्रत्येक माप मागच्यापेक्षां थोडें पुढें पडतें आणि तेहतीस सेकंदांत एक फेरा पुरा होतो. वेगवान हेलकाव्यानें संथ लाटेचें सोंग घेतलें. एकदां असें सोंग आंकड्यांत शिरलें, कीं मागाहून तें ओळखण्याचा कांहीं उपाय उरत नाहीं. यासाठीं मापें भराभर घ्यावींत, आणि २० मिलिसेकंदांच्या, म्हणजे विजेच्या एका पुऱ्या फेऱ्याच्या, पूर्ण पटींत त्यांची सरासरी काढावी. मग वरचा अर्धा आणि खालचा अर्धा एकमेकांत जिरतात.

निव्वळ खरखर मात्र अजिबात नाहींशी होत नाहीं, हेंहि जातां जातां सांगितलें पाहिजे. १९२८ सालीं अमेरिकेंत जॉन्सन व नायक्विस्ट यांनीं दाखवून दिलें कीं कोणताहि रोधक, नुसता ठेवला तरी, केवळ त्याच्या अंगच्या उष्णतेमुळें अल्पसा कुजबुजत असतो. आमच्या मण्याच्या बाबतींत ती कुजबूज कांहीं मायक्रोव्होल्टांची; ४.९ मिलिव्होल्टांच्या जिन्यावर ती कोणाला ऐकूं येणार?

दुपारपर्यंत मण्यांच्या तारांना नवी नळी, पिळाची आवरणयुक्त तार आणि एकच शून्य, एवढें सर्व झालें. पंखा चालूं, चार्जर चालूं, सरासरीचें बटण बंद, आणि रेघ शांत. माझ्या विद्यार्थ्याला इतका आनंद झाला कीं त्यानें लगेच जेवणाचीं पानें घ्यावयास सांगितलीं. जेवण छान होतें. माझें लक्ष मात्र पडद्यावरून हटेना. वाळवणघर अजून तापविलेलें नव्हतें. आंतली हवा बाहेरच्या सांवलीसारखीच, आणि पडदा सांगत होता १९ अंश. फेब्रुवारीची दुपार, आणि एकोणीस?

हात धुऊन मीं पिशवींतला तापमापक मण्याशेजारीं टांगला. पंचवीस. तापमापकावर तरी विश्वास कां ठेवावा, म्हणून घरच्या फ्रीजमधला बर्फ कुटून, त्यांत थोडें पाणी घालून, तो बुडवून पाहिला. शून्य. म्हणजे तापमापक खरा. मग पेटी सहा अंश चुकत होती, आणि तेंहि अत्यंत स्थिरपणें.

येथें मला प्रयोगशाळेंतलें एक जुनें लांबट फळकूट आठवलें. त्यावर तार ताणलेली असते. तिला पोटेन्शिऑमीटर म्हणतात. पोगेनडॉर्फ या जर्मन शास्त्रज्ञाची ही युक्ति, १८४१ सालची. वरच्या वर्गांतलीं मुलें दर वर्षीं विचारीत, साधा व्होल्टमीटर असतां हा खटाटोप कशाला? आमचे शास्त्राचे मुख्य शिक्षक सांगत, व्होल्टमीटर मोजतांना थोडा प्रवाह स्वतः पितो. हें फळकूट मात्र समतोल साधल्यावर एक थेंबहि पीत नाहीं. मी तें कपाटाशीं उभा राहून ऐकत असें.

आमची पेटी किती पीत होती? माहितीपत्रक काढविलें. बारीक अक्षरांत होतें: अंतःरोध दीड लाख ओहम. आतां मण्याकडे पाहा. हा मणी म्हणजे थर्मिस्टर; उष्णता वाढली कीं त्याचा रोध घटतो. पंचवीस अंशांना ४७ हजार ओहम, साठ अंशांना साधारण पावणेबारा हजार. पांच व्होल्टांखालीं आधीं हा मणी, त्याच्या खालीं ४७ हजारांचा स्थिर रोधक, आणि दोघांच्या सांध्यावरचा दाब आपण मोजावयाचा. पंचवीस अंशांना दोन्ही रोध सारखे, म्हणून सांध्यावर बरोबर अर्धे, म्हणजे अडीच व्होल्ट यावयास पाहिजेत. पेटीची तार सोडवून मीं मल्टिमीटर लावला: २.५०. मल्टिमीटर सोडवला नाहीं. तसाच ठेवून पेटीची तार पुन्हां लाविली: २.१६. तार काढली, अडीच. लावली, दोन पूर्णांक सोळा. विद्यार्थ्याला हाक मारून त्याच्या हातानें तीच क्रिया तीनदां करविली.

कारण असें, कीं पेटी लावल्याबरोबर तिचे दीड लाख ओहम खालच्या सत्तेचाळीस हजारांना समांतर जाऊन बसतात, आणि दोघे मिळून छत्तीस हजारांहून किंचित् कमी होतात. सांध्यावरचा दाब पडतो. पेटी खोटें बोलत नव्हती. सांध्यावर जो दाब होता तोच ती अचूक सांगत होती. पण तो दाब तिनेंच, मोजतां मोजतां, खालीं ओढलेला होता. आणि सेलाच्या परीक्षेंत ती कां सुटली, तेंहि उघड झालें. सेलाचा अंतर्गत रोध ओहमाच्या आसपास; त्याला दीड लाखांचा पाहुणा म्हणजे कांहींच नव्हे. मीं सोप्या प्रश्नावर तिची परीक्षा घेतली होती. प्रत्यक्षांत जसा उगम मोजावयाचा असेल, तितक्याच रोधाच्या उगमावर परीक्षा घ्यावयास पाहिजे होती.

ज्या पेट्यांचा अंतःरोध शेंकडों कोटी ओहमांचा असतो त्यांत हा दोष नसतो. पण त्यांचा खोडसाळपणा निराळा. आंत मोजणारा कारकून एकच असतो आणि तो आठ खिडक्यांवर आळीपाळीनें फिरतो. एका खिडकीवरचा विद्युद्भार त्याच्या हाताला चिकटून दुसऱ्या खिडकीवर येतो. उगमाचा रोध मोठा असला तर तो पुसला जाण्यापूर्वींच माप घेतलें जातें, आणि ज्या खिडकीला कांहींहि जोडलेलें नाहीं ती शेजारणीचा आंकडा ऐटींत दाखविते. अशा वेळीं मापांमधला अवधि वाढवावा आणि रिकाम्या खिडक्या शून्याला बांधून टाकाव्या.

दोन्ही दुखण्यांवर औषध मात्र एकच आहे, आणि तें कांहीं रुपयांत मिळतें. आठ पायांची एक काळी चकती. तिच्या आंत दोन वर्धक असतात. दाब जसाच्या तसा पुढें द्यावयाचा, पण उगमाकडून जवळ जवळ कांहींच प्यावयाचें नाहीं, अशा रीतीनें तिची जोडणी करतां येते. ती मण्याच्या अगदीं जवळ बसविली, बारा व्होल्टांचा पुरवठा दिला, आणि पडद्यावर २५ आले. आणखी एक लाभ असा, कीं चकतीनंतरची तार सबळ उगमाची झाल्यानें तिच्यावर बाहेरची खरखरहि कमी चढते.

संध्याकाळीं मीं विचारलें, "गेल्या दोन हंगामांत आंत किती अंश ठेवले होतेस?"

"बावन्न. त्यावर जाऊं दिलं नाहीं कधीं."

कागद घेऊन हिशेब मांडला. खरी उष्णता साठ असतां सांध्यावर ४.०० व्होल्ट यावयाचे. पेटी जोडलेली असतां येतात ३.७७, आणि ३.७७ म्हणजे आमच्या कोष्टकांत साडेबावन्न अंश. त्यानें आंकड्यांकडे पाहिलें, मग पुन्हां पाहिलें. दोन हंगाम मामांचीं द्राक्षें साठ अंशांवर भाजलीं गेलीं होतीं. ज्या नोंदीच्या जोरावर त्यानें दर कापला ती नोंद पहिल्या वर्षीं थरथरत होती, तेव्हां निदान संशय घेण्यासारखी होती. सरासरीचें बटण लागल्यावर ती सरळ झाली आणि संशयहि गेला. शंभर मापांची सरासरी घेतली तर स्वैर खरखर दहाव्या हिश्श्यावर येते. खोट मात्र शंभरहि मापांत तीच असते, आणि सरासरींतहि तीच उरते.

तो बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "गुरुजी, जुनी नोंद काढून टाकूं का?"

मीं म्हटलें, "काढूं नकोस. ती चूक नियमानें झालेली आहे, म्हणून दुरुस्त होते. प्रत्येक दिवसाचा आंकडा नव्यानें काढतां येईल."

त्यानें व पुतण्यानें रात्रीं बसून दोन्ही हंगामांची नोंद फिरून मांडली. जुना आंकडा एका रकान्यांत, खरा दुसऱ्यांत. सकाळीं तो कागद घेऊन तो मामांच्या मळ्यावर गेला. मला बरोबर चला म्हणाला. मी गेलों नाहीं. तें काम माझें नव्हतें. मागाहून कळलें तें एवढेंच, कीं मामांनीं कागद चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, कापलेल्या रकमेचा हिशेब स्वतः मनांत केला, तो याच्या हिशेबाशीं जुळतो कीं नाहीं तें पाहिलें, आणि मग घरांत पाहून चहा टाकावयास सांगितलें.

नव्या वाळवणघराच्या दाराशीं आतां माझा तापमापक खिळ्याला टांगलेला आहे. हंगामाच्या पहिल्या दिवशीं बर्फाचें पातेलें आणून तो आणि सगळे मणी त्यांत एकत्र बुडवितात. मणी बर्फांत घालतांना त्यांच्या सांध्याला पाणी लागतां कामा नये; पहिल्या वर्षीं एक मणी तेवढ्यानेंच गेला.